हेमंतचा आवाज निवडताना

हेमंतच्या नंबरावरून माणसाचा आवाज आला, तेव्हाच मला कळलं. गेलं वर्षभर त्या नंबरावरून फोन आला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. गिटारची एक तार छेडली जायची. मग मी इकडून बोलायचो आणि तो तारेवर उत्तर द्यायचा. एक सूर म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि मी फार उपदेश करायला लागलो की एक लांबलचक खरखरीत ओरखडा, ज्याचा अर्थ पुरवणीत छापता येणार नाही. त्या दुपारी मात्र त्याचा चुलतभाऊ बोलला, "दादा गेला. तुम्ही या." मी ऑफिसात होतो, समोर एक गृहस्थ कागद घेऊन उभे होते. त्यांचं काम पुरं केलं आणि मग उठलो. याला आता काही आठवडे झाले... दुःख थोडं निवलंय, राग निवत नाही.

हेमंत घोडबंदरचा. खाडीच्या अंगाला त्यांचं जुनं घर, आजोबांची कधीकाळी मिठागरं होती. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात दोघंच, तो आणि आई. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात तो सुपरवायझर होता. तिथल्या प्रेसच्या धडधडाटावरून दिवसभर हाका मारून त्याचा आवाज असा काही तयार झाला होता की आम्हाला तो आयताच मिळाला. आम्ही म्हणजे भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीतले तीन दीडशहाणे. गिरगाव-परळच्या खोल्या विकून आलेल्या घरांतली मुलं, सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रॉक ऐकणारी. बँड काढला होता, पण गायक नव्हता. हेमंतला त्या गाण्यांतले निम्मे शब्द कळायचे नाहीत. उरलेले तो स्वतःचे घालायचा आणि इतक्या आत्मविश्वासाने घालायचा की ऐकणाऱ्याला आपलंच इंग्रजी कच्चं वाटावं. सोसायटीच्या गणपतीत आम्ही दुसऱ्याच गाण्याला सेक्रेटरींच्या हातून बंद पडलो, तेव्हा त्याने त्याच पट्टीत आरती सुरू केली. सेक्रेटरींना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

पण गाणं सुरू करायच्या आधी तो गुटख्याची पुडी फाडायचा. गाताना सुद्धा गालात ती असायचीच. मी त्याच्या कानीकपाळी ओरडलो, त्याची आई ओरडली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढे त्याचं तोंड पुरतं उघडेना, तर म्हणाला अक्कलदाढ येतेय. वरचे सूर लागेनात, तर म्हणाला गाळ्यातली धूळ. डॉक्टरकडे गेला तोवर जीभ वाचण्यासारखी राहिली नव्हती. मला त्याचा राग येतो, पुडीचा येतो, कोपऱ्याकोपऱ्यावर तिच्या माळा लटकवणाऱ्या टपऱ्यांचा येतो. अजून त्या रस्त्याने जाताना हात शिवशिवतात.

ऑपरेशननंतर तो घरी आला, तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज निघायचा, शब्द नाही. तो आवाज ऐकून शेजारचं लहान मूल रडलं, त्या दिवसापासून त्याने तोही काढणं बंद केलं. आई मागच्या पडवीत कामात असायची, हा पुढच्या खोलीत. काही हवं असलं की टाळी वाजवायचा. आई यायची, पण हॉटेलातल्या पोऱ्याला बोलवावं तसं आईला बोलवतोय, याची त्याला भयंकर लाज वाटायची. हे सगळं त्याने मला हातवारे करून सांगितलं. शेवटी भिंतीवरच्या, बँडच्या दिवसांत तो जुजबी वाजवायचा त्या गिटारकडे बोट दाखवलं, मग तळपाय जमिनीवर दाबून दाखवला. त्याला डिस्टॉर्शन पेडल हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी, पायाने दाबायची. गिटार आणि अँप्लिफायरच्या मधे ती लावली की सूर जाड, घोगरा होतो आणि लांब टिकतो. नुसती तार टण् करून विझते. मला वाटलं, गाता येत नाही तर आता हा मन लावून वाजवणार. मी खूश झालो, कारण पेडल हा माझा लाडका विषय. मुंबईला दुकानात जाईपर्यंत मी त्याला क्लासिक रॉकच्या टोनवर भाषण दिलं.

दुकानदाराने आधी काळी डबी लावली, हल्ली मुलं हीच नेतात म्हणाला. तिच्यात खालचा आवाज भिंत हादरवणारा, वरचा कान कापणारा आणि मधे सगळं पोकळ. हेमंतने तीन सूर वाजवले, शेवटचा तार ओढून वर चढवला आणि मान हलवली. नारिंगी लावली. तेच तीन सूर, पुन्हा नाही. मी म्हटलं, अरे एखादं गाणं वाजव, म्हणजे अंदाज येईल. तो ऐकेना. पाच-सहा डब्या झाल्या, प्रत्येकीवर तेच तीन सूर. दुकानदार वैतागला. "भाई, कुछ बजाओ तो सही. ये क्या एकही टुंई-टुंई लगाके रखा है?" मीही चिडून त्याच्याकडे बघितलं आणि तेव्हा मला दिसलं. तार वर ओढताना त्याचे ओठ हलत होते. आ... ये. घोडबंदरच्या त्या घरात पुढच्या खोलीतून मागच्या पडवीत जन्मभर गेलेली हाक. तो गाण्यासाठी पेडल निवडतच नव्हता.

मग मी भाषण बंद केलं आणि त्याच्या कानाने ऐकायला लागलो. माणसाचा आवाज बोलतो तो मधल्या पट्ट्यात. जुन्या रॉकची गिटार माणसासारखी का वाटते, तर तिच्यात हा मधला भाग भरलेला असतो आणि घोगरेपणा बेताचा असतो. हे मला पुस्तकी माहीत होतं, उपयोग त्या दिवशी कळला. मी एक साधी पिवळी डबी मागितली, बटण निम्म्यावर ठेवलं. हलकं छेडलं तर सूर मऊ येत होता, जोरात छेडलं तर फाटत होता, ओरडताना घसा फाटतो तसा. हेमंतने तीन सूर वाजवले. मान हलवली नाही, पुन्हा वाजवले. दुकानदाराने हातातलं काम ठेवलं. "ये वाला बोलता है," तो म्हणाला.

घरी येऊन सगळं जोडलं. आई मागे बोंबील निवडत होती. हेमंतने हाक मारली. मागून काहीच नाही. पुन्हा मारली. मी पडवीत गेलो आणि म्हटलं, मावशी, हेमंत बोलावतोय. तिने मान वर केली नाही.

"ह्यो त्याचा आवाज न्हाय, संजय. मशीनचा हाय. मशीनला मी ओ न्हाय देणार."

उठून ती त्याच्याकडे गेली, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. सेवेत कधी कमी पडली नाही. पण ओ दिली नाही. त्या घरात हाक मारली की मागून ओ यायची, मग माणूस यायचं. आता माणूस यायचं, ओ यायची नाही. हेमंतही हट्टाला पेटला. रविवारी मी गेलो की बटण एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे फिरवून हाक मारून बघायचा आणि दाराकडे कान लावून बसायचा. मी रॉकसाठी लोकांना इतकी मेहनत घेताना पाहिलेलं नाही. कितीदा तरी वाटलं की पडवीत जावं आणि मावशीला हात जोडून सांगावं, एकदा द्या हो. पण ते मागून मिळण्यासारखं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पावसाळा संपता संपता दुखणं मानेत परत आलं. तो अंथरुणाला खिळला, गिटार शेजारी. एका रविवारी माझ्या देखत त्याच्या घशात कफ अडकला, डोळे पांढरे झाले. मी आधार देईपर्यंत त्याने तारेवर हात मारला. सूर वेडावाकडा, पार फाटलेला निघाला.

"ओ! आले, आले रं!"

आई भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत आली. कफ निघाला, तो शांत झाला, मग दोघांच्याही लक्षात आलं. आई पिठाचा हात कपाळाला लावून तिथेच बसली. हेमंतने माझ्याकडे बघितलं... असा आनंद मी त्याच्या तोंडावर गातानाही बघितला नव्हता. त्यानंतर त्याला ऊत आला. काम नसताना दिवसभर हाका. आई मागून करवादायची, ओ, काय हाय सारखं सारखं, आणि प्रत्येक वेळी ओ द्यायची. ते थोडे दिवस त्या घरात सुखाचे होते, असं मी बेधडक म्हणेन.

मग बोटांतली ताकद गेली. मी पातळ तारा लावल्या, त्याही जड व्हायला लागल्या. शेवटी पेडलचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं, म्हणजे नुसतं बोट लागलं तरी मोठा आवाज व्हावा. दुकानात ज्याला आम्ही नाकं मुरडली होती तसाच कर्कश आवाज झाला. टोनची चर्चा आमच्यात पुन्हा झाली नाही.

तो गेला तेव्हा आई मागे भांडी घासत होती. आत येऊन बघते तर हात तारांवर, पेडलचा लाल दिवा चालू. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेला असेल. चुलतभाऊ म्हणतो, कुणालाच काही ऐकू आलं नाही. मीही तिला तेच सांगतो. तिचं एकच म्हणणं, "हाक मारली आसंल. भांड्यांच्या आवाजात मलाच आली न्हाय."

परवा तिला भेटायला गेलो होतो. त्या घरामागे थोड्या अंतरावर हायवे आहे. चहा पिताना एक ट्रक चढाला लागला, गिअर बदलला, इंजिनाचा घोगरा आवाज हळूहळू वर चढत गेला. मावशीने कप खाली ठेवला, "ओ" म्हणाली आणि उठली. पुढच्या खोलीच्या दाराशी जाऊन आत बघितलं. परत येऊन बसली आणि मला म्हणाली, "ट्रकच आसतो. म्हाईत हाय मला. पन बसून न्हाय राहवत." चहा निवत होता. मागे दुसरा ट्रक चढाला लागला आणि ती पुन्हा उठली.