अर्धा कोयता

"अगं, तू तर बीडची. मार की कोयता. तुमच्या रक्तातच असतो तो."

टीम लीड असं म्हणाला आणि लॅपटॉपवरच्या सगळ्या चौकोनांत दात दिसले. मीही हसले. माझा कॅमेरा कायम बंद असायचा. हसले नसते तरी कुणाला कळलं नसतं. तरी हसले.

कंपनी पुण्याची. मी घरून काम करते. घर म्हणजे नांदूरघाटच्या पलीकडं, वस्तीवर, पत्र्याच्या दोन खोल्या. दिवाळी झाली की आमची वस्ती कारखान्याला जाते, म्हणजे ऊस तोडायला. मग दारोदार कुलपं. बोलायला कुणी नाही, भांडायलाही कुणी नाही. दिवसभरात माणसाचा आवाज ऐकू यायचा तो या मीटिंगमधला. म्हणून हसायचे. हसणाऱ्यांत एक आवाज आपला असावा, एवढंच.

मीटिंगला येताना सगळे 'हाय' म्हणतात. इंग्रजीतलं. ते चालतं. मी एकदा "एरर तिथंच हाय" म्हणाले, तर माझा हाय त्यांना आठवडाभर पुरला. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचे, मग तोंडाबाहेर काढायचे.

माझं काम सांगते. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. त्याला कंटेनर म्हणतात. आमचे लोक ट्रॅक्टरवर बिऱ्हाड भरतात तसंच. तवा, पीठ, शेळी, सगळं बरोबर, कारण जिथं उतरायचं तिथं काय मिळेल याचा भरवसा नसतो. ॲपचं सामान म्हणजे लायब्रऱ्या, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम. आमच्या ॲपमधली नकाशे दाखवणारी एक लायब्ररी आणि लॉगिन सांभाळणारी दुसरी, दोघी एकाच तिसरीवर अवलंबून. पण एकीला ती तिसरी जुनीच पाहिजे आणि दुसरीला नवीच. डबा बांधायला घेतला की लाल अक्षरं.

अशा वेळी दोघींना चालेल अशी आवृत्ती शोधायची, नाही तर दोघींना वेगवेगळ्या डब्यांत घालायचं. वेळ लागतो. तिसरा रस्ता आडदांडपणाचा. भांडण बघूच नको, बसव, असं मशिनला सांगायचं. त्याचं खरं नाव फोर्स. मी टीममध्ये आले आणि त्याचं नाव कोयता झालं.

पुण्याच्या पेपरात कोयता म्हणजे गुंडांच्या हातातलं हत्यार. टीमला तेवढाच ठाऊक. आमच्याकडं कोयता म्हणजे माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम दारात येऊन विचारतो, "किती कोयते?" नावं विचारत नाही. माझे वडील गेले आणि माय अर्धा कोयता झाली. मामीच्या ऑपरेशननंतर मामाही अर्धा. आता दोघं भावंडं मिळून एक भरतात. मी नोकरीला लागल्यावर म्हटलं, माय, आता पुरे कर. तर म्हणाली, "मी घरी बसले तर तुज्या मामाला कोन घेईल?"

त्या दुपारी मीटिंग चालू असतानाच उसाच्या फडातून मायचा फोन आला. हेडफोन चार्जिंगला लावला होता, मीटिंगचा आवाज लॅपटॉपमधून मोकळाच येत होता. माझा माइक बंद होता, म्हणून फोन उचलला. तेवढ्यात लीड म्हणाला, "अजून तिथंच अडकलीयस? कोयता मार आणि मोकळी हो."

मायनं ते ऐकलं.

"कोन हाय गं त्यो? तुला कावून कोयता मार म्हनतोय? काढलं का तुला कामावरून?"

"न्हाई माय."

"खरं सांग. तू उसावर यायचं न्हाई. मी हाय ना अजून."

आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हा रडली होती, त्यानंतर आत्ता. मी म्हणाले, मस्करी हाय गं. ती म्हणाली, "कशाची मस्करी?"

काय सांगणार? तुझीच, आणि मी पण हसते त्यांच्यात? मला स्वतःची शिसारी आली. मग राग आला. मायला म्हटलं, नोकरी हाय, नीट हाय, संध्याकाळी करते फोन. आणि माइक चालू केला.

"त्याला कोयता म्हणू नका."

"का? काय झालं?"

"माझी माय अर्धा कोयता हाय. आत्ता फडात हाय. तुम्ही सांगताय त्याला फोर्स म्हणतात, फोर्स म्हणा. आणि मी ते करणार न्हाई. दोन डबे करून देते, उद्यापर्यंत."

वाक्य धुवायला वेळच मिळाला नव्हता. कुणीतरी खोकलं. लीड म्हणाला, "किती मनाला लावून घेतेस. प्रेमानं म्हणतो आम्ही." मग दुसऱ्या एकाला म्हणाला, "तू टाक रे करून."

त्यानं फोर्स केलं. डबा बांधला गेला. ॲप चाललं, आजही चालतंय. काही फुटलं, माझं म्हणणं खरं ठरलं, कुणी माफी मागितली, असलं काहीही झालेलं नाही.

मला निरोप आला की टीममध्ये वातावरण हलकं ठेवायचं असतं. आता बऱ्याच मीटिंगांना मला बोलावणं नसतं. गप्पांच्या ग्रुपवर शुकशुकाट आहे, म्हणजे दुसरा ग्रुप निघाला असणार. वस्ती तर आधीच रिकामी. संध्याकाळी दारात बसते तेव्हा लई एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू. हसले असते तर निदान तेवढे आवाज राहिले असते, असंही मनात येऊन जातं.

कॅमेरा बंद ठेवायचे त्याला कारण होतं. माझ्या खुर्चीमागं पत्र्याला मायचा जुना कोयता अडकवलेला आहे. तो दिसू नये म्हणून. काढून ठेवता आला असता, पण माय परत आल्यावर विचारील, कावून काढला?

आता कॅमेरा चालू ठेवते. कोयता दिसतो. कुणी काही बोलत नाही. पुन्हा कुणी बोललंच, तर मी पुन्हा माइक चालू करणार. काढलं तर काढू देत. टीममध्ये राहीन तर मायसकट राहीन. तिला बाहेर ठेवून मला कुठंच बसायचं न्हाई.