आतून मोकळ्या अकरा थप्प्या

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. पाचला गोदामाचं शटर वर गेलं, की पाठीवर पहिलं पोतं. पन्नास किलो. पोतं टाकायचं नाही, ठेवायचं. टाकलेल्या पोत्याचं पोट एका बाजूला सुटतं, वरचं कलतं आणि दहाव्या थराला थप्पी मान टाकते. चाळीस वर्षांत हे त्याने कितीजणांना सांगितलं, ऐकलं दोघांनी. त्याच्या थप्प्या इतक्या सरळ असत, की हमालांनी त्याचं नावच ओळंबा पाडलं होतं.

एकदा मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. मालक गोदामातलं धान्य तारण ठेवून बँकेचं कर्ज काढणार होते.

"अकरा थप्प्या नव्याने रचायच्या. बाहेरून दोन-दोन पोत्यांची भिंत. आत मोकळं. वरच्या थराखाली रिकामे ड्रम आणि फळ्या."

"आत मोकळं कशाला?"

"हवा खेळायला."

"एवढी हवा? आत बिऱ्हाड करायचंय का?"

मुकादम हसला. "दुप्पट मजुरी आहे, ओळंबा. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

ते मात्र खरं होतं. आतून आधार नसलेली बारा थरांची भिंत उभी करणं येरागबाळ्याचं काम नव्हे. चार दिवस तो खपला. प्रत्येक थराला पोत्यांची दिशा बदलली, सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, कोपरे गुडघ्याने ठोकून बसवले. हवेला एवढी जागा लागत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी पाचव्या दिवशी थप्प्यांकडे बघताना त्याची छाती फुगली होती.

बँकेचा तपासनीस आला. चष्मेवाला, चोख माणूस. फीत लावून लांबी मोजली, रुंदी मोजली, शिडीवर चढून वरच्या पोत्यांवर थापा मारल्या. उतरताना म्हणाला, "काय सरळ थप्प्या आहेत! कुणी रचल्या?"

ओळंब्याने हात वर केला.

दीड वर्षाने बँक बुडाली. असली कर्जं तिने आणखीही बऱ्याच जणांना दिली होती. मालक रातोरात पसार झाला. थप्प्या फोडल्या तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. तपासनिसाला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

ओळंब्याची थोरली बहीण इस्त्रीचं दुकान चालवायची. तोंडात दात उरले नव्हते. कवळीसाठी तिने सहा वर्षं पैसे साठवले होते, त्याच बँकेत. आता पाव पाण्यात भिजवून खायची आणि बोलताना तोंडातून वाराच जास्त निघायचा.

"त्या मोजणाऱ्याचे डोळे काय कपाळात गेले होते?" ती इस्त्री आपटत म्हणाली. "त्याला आधी आत टाका."

ओळंब्याने मान खाली घातली. मालकाने फसवलं, मुकादमाने सांगितलं, वरच्या साहेबांनी सह्या केल्या; आपण तर हमाल. हे तो स्वतःला शेजारच्या गोदामात रोज पोतं उचलताना सांगायचा आणि ठेवताना ते खोटं वाटायचं. कारण त्याने काम वाईट केलं असतं, तर एक तरी थप्पी तपासनिसासमोरच ढासळली असती. बँक वेळीच सावध झाली असती, ताईचे पैसे तरी राहिले असते.

एका सोमवारी त्याने खाडा केला आणि तो चौकशीच्या कचेरीत गेला.

"साहेबांनी बरोबर मोजलं," तो म्हणाला. "खोटं मी रचलं होतं."

"मालकाच्या सांगण्यावरून ना?" कारकुनाने विचारलं.

"सांगितलं त्यांनी. हात माझे."

कारकुनाने लिहून घेतलं, सही घेतली आणि लागलं तर बोलावू म्हणाला. तपासनीस बाहेर बाकावर बसला होता. ओळंबा त्याच्यासमोरून गेला, पण नजर काही वर उचलवली नाही.

संध्याकाळी त्याने ताईला सांगितलं. तिने इस्त्री उभी केली, प्लग काढला आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर त्याच्याशी अवाक्षर नाही.

तो अठ्ठावन्नचा होता. सुट्टी झाल्यावर रोज चाळीस पोती जास्तीची उचलायला लागला. दोन टन. गुडघ्यांना पट्टे बांधून. एकही पोतं टाकलं नाही, ठेवलं. असे चौदा महिने. मग दातांच्या डॉक्टरकडे पैसे भरले आणि पावती ताईच्या दुकानाच्या फळीवर, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी ठेवून आला. ती पावती आठ दिवस तिथेच पडून होती. नवव्या दिवशी दिसली नाही.

महिन्याभराने ताईने निरोप पाठवला. तो गेला तेव्हा ती कडक पाव खात बसली होती, कोरडा. दात जरा मोठेच वाटत होते.

"बस," ती म्हणाली. शब्द लख्ख आला. "एका थप्पीत किती पोती नव्हती?"

"पाचशे अठ्ठावीस."

"आणि अशा अकरा?"

"अकरा."

तिने घास सावकाश चावून गिळला.

"आणि सगळ्या सरळ होत्या?"

"होत्या, ताई."

तिने पावाचा उरलेला तुकडा त्याच्यापुढे सरकवला नाही. स्वतःच चावून संपवला. तो समोर बसून ते दात चालताना ऐकत राहिला.