तळ्याच्या तळाशी बाबांशी गप्पा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत तेव्हा कुणाला ‘स्कूबा’ म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, कुठल्या कंपनीचा लूम? पण आखातातून परतलेले आमचे शेजारी नझीमभाई हवेच्या दोन टाक्या घेऊन दर रविवारी वज्रेश्वरीजवळच्या एका तळ्यावर जायचे. मी हट्टाने त्यांच्याकडे पाण्याखाली उतरायला शिकायला नाव घातलं, बाबांनाही ओढलं. खरं कारण वेगळंच होतं. मला बढतीवर नागपूरला बदली मिळाली होती, सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि बाबा हो म्हणाल्याशिवाय मी जाणार नव्हते. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढून त्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. काहीही सांगायचं तर ओरडा, म्हणजे आमची कामतघरची अख्खी चाळ ऐकणार. चिठ्ठी लिहावी, तर बापाला कसली चिठ्ठी द्यायची! म्हटलं, तळ्यावर मोकळ्यात ओरडेन.

टाक्या नझीमभाईंच्या टेम्पोत, आम्ही एसटीने. पहिली गाडी पकडा, अंबाडी नाक्यावर गरम भजी खा, पण दोनच. मी सहा खाल्ली आणि पाण्यात पस्तावले.

तळ्यावर अर्धं गाव जमलेलं. एक मावशी म्हणाली, “अगो पोरी, पानी खोल हाय! काय हरवलंय तुजं?” झालं, ओरडण्याचा बेत बारगळला!

नझीमभाई पाण्याखालच्या खुणा शिकवू लागले. “अंगठा वर म्हणजे वर चला. मस्त नाही, हां!”

त्यांचे हात बघून बाबा खदखदून हसले. “आम्ही जन्मभर असंच बोललो की! लूमच्या खडखडाटात तोंडाचा काय उपयोग?”

लहानपणी त्यांचा डबा पोचवायला कारखान्यात जायचे तेव्हा त्या खुणा मलाही यायच्या.

दहा फूट खाली हिरवट पाणी, हातभर अंतरावरचंच दिसतं. नझीमभाई श्वास रोखून खाली येत, आम्हाला बघून वर जात. आम्ही दोघं तळाशी गुडघे टेकून समोरासमोर. मी हात हलवला: मी, दुसऱ्या लूमवर, लांब. बाबांनी विचारलं, कुठे? मी खोटंखोटं संत्रं सोललं. लगेच कळलं त्यांना! पगार? मी हात फाकले. त्यांनी बुडबुड्यांचा एक मोठा लोट सोडला आणि मूठ वळून जोरात ओढली. हँडल ओढ, लूम सुरू कर!

मास्कमध्ये रडू नका, डोळे पुसता येत नाहीत.

वर आल्यावर थंडीने दात वाजतात, तेव्हा सरळ वज्रेश्वरीची गरम कुंडं गाठा. तिथे बाबा इतके आनंदात की अनोळखी माणसांना पाठ चोळायला लावली.

सोमवारी मी होकार दिला. निघण्याआधी आठवडाभर आईला खुणा शिकवल्या. पहिली, जेवायला चला. रोज चार हाका वाया घालवणाऱ्या आईने बिचकत हात हलवला. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि हातानेच विचारलं, भाजी कुठली?

आई ओरडली, “अगं बाई, हे तर बोलतायत!”