हसू नका

फोटोवाल्या काकांनी तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली होती: "हसू नका." पासपोर्टच्या फोटोत चेहरा कोरा हवा. पण पांढऱ्या पडद्यापुढे बसलं की भल्याभल्यांना हसू फुटायचं, आणि काका खेकसायचे, "लग्नाचा अल्बम नाही काढत मी!"

मंगळवारी परदेशातून भावजयीचा फोन आला. काकांचा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. त्या देशात जायला व्हिसा लागत नव्हता, पण म्हणून पिशवी उचलून निघावं असंही नव्हतं. आधी ऑनलाइन परवानगी काढायची होती. सून दुकानातच फोनवर अर्ज भरायला बसली.

"बाबा, प्रवासाचं कारण काय लिहू? पर्यटन, व्यवसाय की नातेवाइकांची भेट?"

"भेट," काका म्हणाले आणि गिऱ्हाइकाचे फोटो कापत राहिले. एकही कड वाकडी गेली नाही. रडू येईल म्हणून काकूंनी शेजारी टॉवेल ठेवला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

शेवटी घोडं अडलं ते फोटोवर. अर्जाला ताजा फोटो हवा होता. काका गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. सुनेनं फोन धरला. रोज ऐकून पाठ झालेलं तिच्या तोंडून निघालंच, "हसू..." आणि तिनं जीभ चावली.

फोटो पहिल्याच फटक्यात मंजूर झाला.

काकांनी तो नीट निरखून पाहिला.

"असाच लागतो," ते म्हणाले. "तीस वर्षं घसा फोडला, पण एकालाही जमला नाही."