साडूंची डोंगरगाडी

आमच्या साडूंइतका स्टिअरिंगवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांना स्वतःला साधी सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांनी तीस वर्षं उसाच्या ट्रॅक्टरांची स्टिअरिंगं नीट केली, पण त्या तीस वर्षांत ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. ते कायम खाली, पाठीखाली पोतं घालून आडवे. वर दुसराच कुणीतरी बसलेला आणि खालून यांचा आवाज, "डावं घे. आता उजवं. सोड. गप बस." एकदा मी विचारलं, इतकी वर्षं यात घालवून तुम्हाला कधी चालवावंसं वाटलं नाही? तर म्हणाले, "वर बसल्यावर खालचं काय दिसतंय, पाव्हणं?" मी शाळामास्तर माणूस, दुसऱ्यांची उत्तरं तपासणं हा माझा धंदा; हे उत्तर मी डायरीत उतरवून घेतलं.

एसटीत ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात. खिडकीबाहेर बघत नाहीत, ड्रायव्हरच्या मनगटांकडे बघतात. अकोले गावाहून राजूरला, त्यांच्या आताच्या गावी, येताना एकदा चढावर त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हळूच हात लावून सांगितलं, "डाव्या चाकाचा जॉइंट गेलाय, साहेब." साहेब म्हणाले, "काका, गप बसा, न्हाई तर हितंच उतरवीन." राजूरला ड्रायव्हर चहा पिऊन परत येतो तर बसखालून दोन पाय बाहेर आलेले. त्यानं त्या पायांना धरून साडूंना बाहेर ओढलं, चार शिव्या दिल्या आणि मग स्वतःच वाकून बघितलं. पुढच्या खेपेला त्यानं मागची जागा रुमाल टाकून राखून ठेवली होती. माणसांचंही तसंच. माझ्या मुलीच्या लग्नात आमच्या मुख्याध्यापकांशी हात मिळवताना साडूंनी तो जरा डावीउजवीकडे हलवून बघितला आणि म्हणाले, "खांद्यात प्ले हाय. दाखवून घ्या." मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. नंतर त्यांचा खांदा खरोखरच धरला, तेव्हा तर अजिबातच बोलेनात.

प्ले म्हणजे ढिलाई. दोन उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग दोन बोटं सैल असावं, नाही तर खड्ड्यातला झटका थेट ड्रायव्हरच्या मनगटात जातो, हे कारखान्यातलं शहाणपण साडूंनी घरभर पसरवून ठेवलेलं होतं. दाराची कडी दोन बोटं सैल, नळाची मूठ सैल, चष्म्याची काडी सैल. आक्कांच्या स्वयंपाकघरात एकाही डब्याचं झाकण घट्ट बसत नसे. ओसरीवर एक सागवानी बंगई, म्हणजे कड्यांवर टांगलेला झोपाळा, आहे. तिची एक कडी कधीतरी तुटली, तेव्हा साडूंनी कारखान्यातून गज वाकवून आणला आणि अडकवला. तो दोन बोटं आखूड निघाला. आक्का तेव्हापासून सांगत, "ही कडी आखूड हाय. झोका घेतला की बंगई एका अंगाला जाती." साडू तेव्हापासून सांगत, "थोडा प्ले असतोय." राजूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा बंगईही आली आणि तिच्याबरोबर हा संवादही आला.

आणि माणूस स्वप्नाळू. जेवताना घास हातात तसाच राहतो आणि नजर पलीकडच्या डोंगरावर. मी काही विचारलं तर "हां" म्हणतात, पण तो हां मला नसतो. कधी दोन्ही हात हवेत धरून सावकाश डावीकडे वळवतात, उजवीकडे वळवतात, मग मान हलवून पुन्हा वरणभाताकडे येतात. सकाळी धुकं उतरलं की खुर्ची टाकून त्यात बघत बसतात. काय बघता विचारलं, तर "काही न्हाई, वाट कुठनं जाती ते बघतोय" म्हणाले. समोर वाट नव्हती, शेजाऱ्यांची म्हैस होती.

राजूर हा आक्कांचा माहेरचा मुलूख. निवृत्तीनंतर त्यांच्याच हट्टानं ते इथं राहायला आले. माहेरच्या गावावर एक डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर उघड्यावर शेंदूर लावलेली एक शिळा. सगळे तिला आई म्हणतात. दर चैत्रात आक्का वर चढून आईची ओटी भरत. त्यांच्या घराण्यात एक रीत आहे, की ही ओटी दुसऱ्याच्या हातून पाठवायची नाही. जिची तिनं भरायची, नाही तर राहू द्यायची. तीन वर्षांपूर्वी आक्का अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालू लागल्या, पण डॉक्टरांनी डोंगराला साफ नाही म्हटलं. डोलीतून नेऊ म्हणालो, तर आक्का म्हणाल्या, "मला उचलून न्यायला मी काय पालखीतला देव हाय?" विषय संपला. पण एकदा साडू कपाटात चादर शोधायला गेले तर चादरीखाली दोन नवे खण घडी घालून ठेवलेले, दोन चैत्रांचे. साडूंनी चादर न घेताच कपाट लावलं. हे त्यांनीच मला सांगितलं, चष्म्याची सैल काडी वरखाली करत.

त्याच सुमाराला त्यांनी मोबाईलवर ती गाडी पाहिली. रॉक क्रॉलर म्हणतात तिला. रिमोटवर चालणारी, जाड चाकांची, दगडाधोंड्यांवरून घोरपडीसारखी चढणारी. विकत मिळते, पण विकत घेतील तर साडू कसले. खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा सांगाडा झाला, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं अंग झालं. चाकं, मोटारी, रिमोट कुरियरनं आलं. गाडी चांगली पोसलेल्या मांजराएवढी झाली आणि तिच्या नाकासमोर एक पसरट तबक बसवलं. घरामागं दगडांचा ढीग रचून त्यांना कारखान्यातल्या माणसांची पदं दिली. सगळ्यात अवघड दगड म्हणजे चीफ इंजिनिअर. मला फोन यायचा, "आज गाडी टाइमकीपरवरनं गेली, चीफ इंजिनिअरला थटली."

अडलं ते नेमकं स्टिअरिंगवर. ज्या माणसानं हजार ट्रॅक्टर सरळ केले त्याची स्वतःची गाडी झिंगल्यासारखी चालू लागली. कारण उघड होतं. साडूंनी सवयीनं तिच्यातही प्ले ठेवला होता. ट्रॅक्टरला जो दोन बोटं शोभतो, तो या जिवाला कसा सोसावा. त्यांनी जड मनानं एकेक जॉइंट घट्ट केला. मग गाडी विटांवर उचलून धरली की चाकं अगदी सुतात. जमिनीवर ठेवली तरी सुतात. पण तबकात नारळ आणि तांदूळ ठेवले, की पुढचं अंग खाली बसायचं आणि चाकं आपोआप डावीकडे वळायची. दगडावर चढताना दर धक्क्याला तेच, डावीकडे हिसका. रिमोटवर उजवीकडे ओढून ठेवलं तर रिकामी गाडी उजवीकडे पळायची आणि तुळशीला जाऊन धडकायची. तुळस दोनदा बदलावी लागली. चैत्र तीन आठवड्यांवर आला, तेव्हा साडू मला म्हणाले, "पाव्हणं, यंदाबी तिसरा खण कपाटात जातोय बघा."

दुसऱ्या दिवशी मी तिथंच होतो. साडू पायरीवर गाडी मांडीवर घेऊन बसलेले, पुढचं अंग दाबत होते आणि चाकं डावीकडे वळताना बघत होते. आक्का बंगईवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "तुमची गाडी आपल्या बंगईवानीच करतीया. बसलं की एका अंगाला. आखूड कडी असल तिच्यात कुठंतरी."

साडू उठले. गाडी खाली ठेवली, बंगईपाशी गेले आणि आक्कांसकट ती सावकाश हलवू लागले. गज लावलेल्या बाजूच्या दोन कड्यांपैकी एक लांब, एक आखूड, त्यामुळे झोक्यासरशी फळी तिरकी व्हायची. ते बराच वेळ नुसते हलवत राहिले. आक्का शेंगा फोडत राहिल्या. मग साडूंनी मला गाडीखाली दाखवलं. तिथंही दोन दांड्या. एक चाकं वळवणारी, दुसरी चाकांचा आस जागच्या जागी धरणारी. एक लांब, एक आखूड. बोजा पडला की दोघी वेगवेगळ्या चालीनं खाली जायच्या आणि मधल्यामध्ये चाकं वळायची. "दोघी सारख्या पायजेत," ते पुटपुटले, "सारख्या लांबीच्या आन् सारख्या कलाच्या. मग कितीबी वरखाली झालं तरी एकमेकीला सोडत न्हाईत." संध्याकाळपर्यंत त्यांनी दांडी कापून नवी बसवली. तबकात नारळ ठेवला. गाडी खाली बसली आणि चाकं समोर बघत राहिली. मग ते शिडी घेऊन बंगईची कडी काढायला गेले. आक्का म्हणाल्या, "आता कशाला? मला सवय झालीया." साडू म्हणाले, "इतकी वर्षं सांगत हुतीस, मी ऐकलं न्हाई. चुकलं माझं." नवऱ्यानं बायकोला असं सरळ सांगितलेलं मी आमच्या नात्यागोत्यात पहिल्यांदाच ऐकलं. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं आणि माझ्या त्रासात भर घातली.

आता प्रश्न चालवण्याचा. साडूंच्या हाती रिमोट दिला की गाडी मोरीत. आक्कांना सांगितलं तर त्या हसल्या, "मी काय ल्हान हाय का खेळण्यासंगं खेळायला?" साडू म्हणाले, "ओटी तुझ्याच हातानं भरायची ना? पाय गाडीचे, हात तुझा." आक्कांनी हातातलं काम खाली ठेवलं. आतापर्यंत त्यांना वाटत होतं, की नवरा म्हातारपणी दगडांशी खेळतो आहे. त्यांनी नुसता हात पुढे केला. रांगोळीची रेघ एका दमात ओढणाऱ्या बाईचा हात तो. चार दिवसांत गाडी चीफ इंजिनिअरच्या डोक्यावर उभी होती. ओटी वाहायची युक्तीही बसली. आईसमोर थांबायचं आणि झटक्यात मागे यायचं, की तबकातलं सगळं पुढे घसरतं. तालमीपायी स्वयंपाकघरात आठवडाभर तांदूळ सांडत होते.

चैत्रातल्या मंगळवारी आम्ही भाड्याच्या जीपनं निघालो. रस्ता संपतो तिथं हिरड्याचं झाड आहे, त्याखाली आक्कांची खुर्ची मांडली. तिथून वर शाळेच्या मैदानाएवढा उघडा कातळ आणि माथ्यावर शेंदराचा ठिपका. तबकात तिन्ही खण होते. मला हुकूम होता, की गाडीमागं चालायचं आणि काही झालं तरी हात लावायचा नाही. गाडी निघाली. खालून आक्कांचा आवाज येत होता, "हळू बाई, हळू," गाईला वळवतात तसा. अर्ध्या चढावर एका भेगेत पुढचं चाक गेलं, गाडी कलली, नारळ तबकाच्या काठावर आला. मी वळून पाहिलं. साडू डोळे मिटून कातळाकडे पाठ करून उभे होते. आक्कांनी गाडी टिचभर मागं घेतली, चाकं उजवीकडे वळवली आणि बोज्यासकट तिला भेगेच्या कडेनं वर काढलं. चाकं सांगितली तिकडेच गेली. एकदासुद्धा डावीकडे हिसका बसला नाही.

आईसमोर गाडी थांबली. वारा पडला होता. मग पुढची चाकं सावकाश डावीकडे वळली, सावकाश उजवीकडे, पुन्हा सरळ झाली. बिघडलं की काय म्हणून मी खाली पाहिलं, तर हिरड्याखाली आक्कांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान झुकवली होती; हात रिमोटवर, म्हणून नमस्कार चाकांनी. मी चप्पल काढून बाजूला उभा राहिलो. गाडी झटक्यात मागं आली आणि तीन खण, नारळ, तांदूळ शिळेच्या पायाशी उतरले.

गाडी खाली आली तेव्हा तबकाच्या एका कोपऱ्यात चार दाणे अडकून राहिले होते. आक्कांनी ते बघितले, पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाल्या, "आईनं माघारी दिलं." पुढं त्या परतीच्या वाटेवर पदराची गाठ मुठीत धरून जीपमध्ये झोपून गेल्या. मागच्या सीटवरून मी साडूंना हळूच विचारलं, की एवढं सगळं मोजूनमापून केलंत, मग तबकाच्या तेवढ्या एका कोपऱ्याची कड वर वळलेली कशी राहिली? साडू खिडकीतून मागं पडणाऱ्या डोंगराकडे बघत होते. मला वाटलं, नेहमीसारखे ऐकतच नाहीत.

तसेच बघत म्हणाले, "ओटी भरली की चार दाणं बाईला माघारी मिळायला पायजेत, पाव्हणं. सगळं घट्ट केलं तर आई देणार कुठनं? तिथं तेवढा प्ले ठेवला."