नवमीची मुदत

पाऊस सरला, ऊन कडक झालं, अंगणातल्या झेंडूला कळ्या धरल्या, की माझं डोकं तापायला लागतं. घरातले म्हणतात, हिला आश्विनातला उकाडा बाधतो. उकाडा कसला बाधतोय! नवरात्र जवळ आलं की मला आमच्या शाळेचा फळा आठवतो, आणि त्या फळ्यावरची शेवटची ओळ आठवली की आजही कुणाला तरी चार शब्द सुनवावेसे वाटतात. ज्यांना सुनवायचे ते सगळे केव्हाच गेले. म्हणून लिहायला बसले आहे.

सन एकतीस-बत्तीसचा सुमार असेल. रत्नागिरीतली आमची मुलींची शाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंतींचं एक लांबट घर आणि पुढे पडवी. पडवीत फळा टांगलेला. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मोठे गुरुजी येणाऱ्या दिवसांच्या खबरा सांगत आणि मी त्या फळ्यावर लिहून काढत असे. सातवीत मी एकटीच होते. माझ्याबरोबर बिगरीत बसलेल्या बाकीच्या जणी लग्नं होऊन चिपळूण, राजापूर, मुंबई अशा पांगल्या होत्या. मी अजून शाळेत होते याचं कारण एकच. मला सातवीची फायनल द्यायची होती. फायनल झालेल्या मुलीला तेव्हा मास्तरीण होता येई, आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

हे घरी ठाऊक होतं. वडील बंदरावर जकात कचेरीत कारकून. त्या उन्हाळ्यात हेदवीहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा मुंबईला नोकरीत, घरचं नारळी-पोफळीचं आगर, पत्रिका जुळलेली. वडिलांनी त्यांना कळवलं होतं की मुलगी फायनलला बसते आहे, परीक्षा होऊ दे, मग बोलू. हेदवीकर थांबले. म्हणजे माझ्या आणि त्या बोहल्याच्या मध्ये फक्त ती परीक्षा उभी होती.

त्या शनिवारी गुरुजींनी खबरा सांगितल्या त्या अशा. सोमवारपासून शाळा सकाळची. भातकापणीला घरी राहणाऱ्या मुलींनी वडिलांची चिठ्ठी आणावी. पंचमीला भोंडला. षष्ठीला शारदोत्सव, त्यासाठी कोल्हापूरकडून शिक्षणखात्यातल्या एक बाई प्रमुख पाहुण्या म्हणून येणार. सप्तमीला सरस्वतीचं आवाहन, दशमीला विसर्जन, सर्वांनी पाट्या-पुस्तकं पूजेला आणावी. शेवटी त्यांनी खिशातून एक लखोटा काढला. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या कचेरीतून पत्र होतं. फायनलला बसणाऱ्यांचे फॉर्म अमुक तारखेपर्यंत पोचावेत. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "म्हणजे नवमी. लिही, नवमीपर्यंत मुदत." मी लिहिलं. फळा भरला होता, म्हणून अगदी खाली, बारीक अक्षरात.

कचेरी काही लांब नव्हती. शाळेपासून चालत पाव तास. फॉर्मवर गुरुजींनी सही करायची, शाळेचा शिक्का मारायचा, आणि मी तो नेऊन द्यायचा. एवढंच काम.

घटस्थापनेला मी फॉर्म घेऊन उभी राहिले. गुरुजी शारदोत्सवाच्या गाण्याला पेटी कुणाची आणावी या विवंचनेत होते. "उद्या करू हो," म्हणाले. उद्या मांडवासाठी भाट्याहून झावळ्या आल्या, त्या ओल्या निघाल्या, गुरुजी गाडीवाल्याशी भांडत बसले. परवा पाहुण्या बाईंच्या स्वागताचं पद्य बसवायचं होतं, आणि ते पद्य गुरुजींनी स्वतःच रचलेलं, तेव्हा विचारूच नका. दर कडव्याला एक नवी चाल. पंचमीला भोंडला. मी रोज फॉर्म नेत होते आणि रोज तसाच परत आणत होते. त्याची घडी पडून पडून मध्ये रेघ उमटली होती.

मला राग येत होता, पण धीरही होता. नवमीपर्यंत मुदत आहे हे मीच लिहिलं होतं ना!

षष्ठीला पाहुण्या बाई सकाळी दहाला यायच्या होत्या. त्यांची मोटार हातखंब्याला बिघडली. आम्ही जरीकाठाची लुगडी नेसून, डोक्यात शेवंती माळून, दहापासून तीनपर्यंत त्या मांडवात घामाघूम होत बसलो. बिगरीतली एक पोर झोपली, एक रडली, एकीनं नैवेद्याच्या ताटातली केळी खाल्ली. बाई आल्या, पाच मिनिटं बोलल्या, अंधाराच्या आत घाट चढायचा म्हणून निघाल्या. गुरुजींचा घसा बसला होता, तरी चेहरा फुलला होता. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती छान गायलंस गो. आज नको, आज माझ्यात त्राण नाही."

सप्तमीला सकाळी पूजेची मांडणी झाली. मोठा पाट, त्यावर वह्या, पुस्तकं, हजेरीपट, गुरुजींची दौत, लेखणी, शाळेचा शिक्का. फळा पुसून त्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची होती. ती मीच काढली. खबरा मीच पुसल्या, खालची बारीक ओळसुद्धा. घरी आले तर आईनं आमचाही पाट मांडला होता. ती म्हणाली, "तुझी फायनलची पुस्तकं सगळ्यांत वर ठेव. आणि लेखणीही ठेव हो, आठवणीनं." मी ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, मनापासून नमस्कार केला आणि पास कर म्हणून मागणं मागितलं.

जेवायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. दशमीच्या विसर्जनापर्यंत अनध्याय. वाचायचं नाही, लिहायचं नाही, पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. मुदत नवमीपर्यंत.

तुम्ही म्हणाल, हे आधी कसं कळलं नाही? मीही तेच म्हणते आहे इतकी वर्षं. गुरुजींना सगळ्या तिथी तोंडपाठ. वडील रोज तारखा घालून कागद लिहिणारे. मी तर दोन्ही एकाच फळ्यावर, एकाखाली एक लिहिलं होतं. पण पूजा ही पूजा आणि मुदत ही मुदत, अशी आमच्या डोक्यात दोन वेगळे खण होते, आणि एकातलं दुसऱ्यात डोकावत नव्हतं.

अष्टमीला सकाळीच मी गुरुजींच्या घरी गेले. ते ओटीवर सोवळ्यात बसले होते.

"गुरुजी, फॉर्मची मुदत उद्या संपते."

"उद्या ना? हो हो." ते थोडे थबकले. मग म्हणाले, "पण आता कसं होणार गो? लेखणी देवीपुढे."

"मी दुसरी आणते. शेजारून आणते."

"लेखणी कुठलीही आण. अक्षर तर काढायचं नाही ना? आणि शिक्का तर पाटावरच."

"मग माझं वर्ष गेलं तर?"

"अगो, ज्या देवीकडे विद्या मागायची तिच्याच पुढ्यातनं शिक्का उचलून परीक्षेला बसलीस तर पास होशील? तू काळजी करू नको. दिपोटीसाहेब आपलेच आहेत. त्यांची दौतसुद्धा आज पाटावरच असणार. दशमीला विसर्जन झालं की मी पहिलं अक्षर तुझ्या नावाचं काढीन."

इतक्या मायेनं बोलले ते! वाईट माणूस असता तर मी भांडले तरी असते. मायाळू माणसाशी भांडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी वडील कचेरीत निघाले होते. मी त्यांना दारात गाठलं. "तुम्ही आज कचेरीत लिहिणार ना?"

"लिहिणार तर. बोटी सुरू झाल्यायत, कामाचा ढीग पडलाय."

"मग अनध्याय?"

"ती सरकारची लेखणी," वडील म्हणाले. "सरकारची लेखणी पूजेत नसते."

"मग दिपोटींची कचेरीही सरकारचीच. तिथे विचारा ना तुम्ही, जाता जाता."

त्यांनी पागोटं सारखं केलं. "गुरुजी म्हणतात तर काही विचार करूनच म्हणत असतील. त्यांना डावलून मी कसा जाऊ?" आणि गेले. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. आई आतून म्हणाली, "अगो, सणासुदीचं चिडू नये."

नवमीला दुपारी मी शाळेत गेले. गुरुजी जेवायला घरी गेलेले. दाराला नुसती कडी होती. आत समईचा आणि फुलांचा वास कोंडला होता. पाटावर, हजेरीपटाच्या बाजूला, दोन झेंडूंच्या खाली शिक्का होता. मुठीत मावेल एवढा, लाकडी मुठीचा. फॉर्म माझ्या ओच्यात होता. शिक्का मारून, सहीच्या जागी काय ते सांगून, मी कचेरी बंद व्हायच्या आत पोचले असते. फार तर गुरुजी रागावले असते.

मी हात पुढे केला. एक फूल बाजूला सारलं. मग मला वाटलं की देवी कोपली आणि मी नापास झाले तर? आणि मी ते फूल परत जागेवर ठेवलं, नमस्कार केला, वर क्षमाही मागितली. कडी लावून घरी आले. गुरुजींवर मी चिडते, वडिलांवर चिडते, पण सगळ्यांत जास्त चिडते ती त्या पोरीवर.

दशमीला विसर्जन झालं. गुरुजींनी शब्द पाळला. लेखणी उचलली, नव्या शाईत बुडवली आणि सगळ्या मुलींसमोर, हजेरीच्याही आधी, माझ्या फॉर्मवर सही केली. काय वळणदार सही! शिक्का मारला, कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं आणि आपट्याचं पान ठेवून फॉर्म माझ्या हातात दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच, पण मी वेडी, मला तेव्हा आशा वाटली. दसऱ्याला कचेरी बंदच असते, तेव्हा एका दिवसानं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं.

एकादशीला वडील माझ्याबरोबर आले. दिपोटींच्या कचेरीतला कारकून पोक्त माणूस होता. त्यानं फॉर्म हातात घेतला, कुंकू पाहिलं, आणि चष्मा काढून ठेवला.

"उशीर केलात हो. नवमीच्या संध्याकाळी यादी बंद झाली. आज सकाळच्या टपालानं गेलीसुद्धा."

वडिलांनी पूजेचं, अनध्यायाचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अगो पोरी, नवमीला दिवसभर मी इथे माश्या मारत बसलो होतो. एका कोऱ्या कागदावर नाव लिहून आणलं असतंस तरी मी यादीत घातलं असतं. सही-शिक्क्याचं मागाहून बघितलं असतं. दोन शाळांनी तसंच केलं." वडील म्हणाले, "असं होतं होय?" तो म्हणाला, "विचारायचं तरी."

घराजवळ आल्यावर वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी बस." मी म्हटलं, "हेदवीकर थांबतील?" त्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

हेदवीकर तुळशीचं लग्न झाल्यावर आले. मुलाचे वडील आणि चुलते, दोघेच. मला बाहेर बोलावलं. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि नमस्कार केला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "फायनलचं काय झालं?" माझ्या वडिलांनी घसा खाकरला. ते काही गुळमुळीत सांगतील म्हणून मीच म्हटलं, "बसायची राहिले. फॉर्म वेळेवर गेला नाही."

आईनं आतून बांगड्या वाजवल्या. मला वाटलं, यांना हे आवडणार नाही. अडाणी ठरवतील, उठून जातील. तसं झालं असतं तर मी देवीला साखर ठेवली असती.

मुलाचे वडील मनापासून हसले. "राहिलीस ते बरंच झालं. फायनल झालेल्या मुली पुढे नोकरीचं म्हणतात. आम्हाला तीच एक धास्ती होती."

"मीही नोकरीचंच म्हणणार होते," मी म्हटलं.

तोवर चुलत्यांनी पंचांग मागितलं होतं. वडील ते आणायला उठले, आई सुपारीचं तबक घेऊन बाहेर आली, आणि मार्गशीर्षातले मुहूर्त निघू लागले. माझं बोलणं कुणी ऐकलं नाही. आणि मी काही हळू बोलले नव्हते.