खाणावळीचं वय

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आमच्या गल्लीत एकही म्हातारं माणूस नव्हतं. हे लगेच लक्षात आलं नाही. काहीतरी कमी आहे, एवढंच जाणवायचं. माझ्या माहेरी, अमळनेरजवळच्या खेड्यात, कुठल्याही ओट्यावर कुणी ना कुणी खोकत बसलेलं असायचं. इथे खोकायलाच कुणी नव्हतं. सगळे विशी-तिशीतले पुरुष. खानदेशातले, मराठवाड्यातले, थोडे बुलढाण्याकडचे. सगळे कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. दिवसपाळीवाले उठले की त्यांच्याच गोधडीत रातपाळीवाले आडवे व्हायचे. मुलंबाळं गावी, बायका गावी, आईबाप गावी.

माझा नवराही लूमवरच होता. मी पुढच्या खोलीत खाणावळ काढली. त्या पोरांची भूक बघून मला सुरुवातीला भीती वाटायची. भाकरी तव्यावरून उतरायच्या आधी ताट पुढे यायचं. लूमच्या आवाजाने कान बधिर झालेले, त्यामुळे सगळे ओरडून बोलायचे. "वहिनी, ठेचा!" ही हाक पार कोपऱ्यावर ऐकू जायची.

त्यांच्यातला एकजण पारोळ्याकडचा. त्याची आई वारली आणि गावी बाप एकटा राहिला, म्हणून तो बापाला घेऊन आला. खोलीवर दिवसभर रातपाळीवाले झोपलेले. म्हाताऱ्याला बसवायचं कुठे? सकाळी त्याला माझ्याकडे सोडून तो म्हणाला, "वहिनी, दोन-चार दिवस सांभाळाल का? मग बघतो काहीतरी."

बाबांनी पागोटं सारखं केलं, खाली बसले आणि भाकरीकडे बघून म्हणाले, "माय, मन्हा दात नई शेत."

दात नाहीत. माझ्या खाणावळीत असं कधी कुणी बोललंच नव्हतं! मी भाकरी दुधात चुरून दिली. ती त्यांनी इतकी सावकाश खाल्ली की शेजारी बसलेल्या पोरांची दोनदा जेवणं झाली असती. पोरं हात धुवायचं सोडून बघत बसली. त्यातला एक हळूच म्हणाला, "माझा आजा अस्साच जेवतो."

ते दोन-चार दिवस काही संपले नाहीत. बाबा सकाळी यायचे, लसूण सोलायचे, मेथी निवडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. "काल का नाही आलास जेवायला?" "केस काप जरा." पोरांना हे फार आवडायचं. शिव्या द्यायला सुपरवायझर होता, पण असं रागवायला कुणी नव्हतं. दसऱ्याला सोनं द्यायला माझ्या दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली. ज्याला त्याला पाया पडायचं होतं. शेवटी बाबा ओरडले, "अरे, मला मुतायला तरी जाऊ द्या!"

त्याच हिवाळ्यात बुलढाण्याकडच्या एका पोराचं लग्न जुळायला आलं. मुलीचे वडील बारडोलीच्या साखर कारखान्यात, मूळचे आमच्याच बाजूचे. पोराच्या घरून कुणी येण्यासारखं नव्हतं. पाहुणे माझ्याच खाणावळीत यायचे होते. माझा नवरा मोठा भाऊ म्हणून बसायला तयार झाला, पण तो नवरदेवापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. मिशीला पीळ देऊन बसला तरी मोठा काही दिसेना.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी खोलीभर नजर फिरवली. जिकडे बघावं तिकडे काळेभोर केस. ते म्हणाले, "तुमच्यात बोलायला मोठं माणूस कोण?"

सगळ्यांनी एकदम मागे बघितलं. बाबा मागच्या दारात लसूण सोलत बसले होते. दोघांनी त्यांना उचलल्यासारखं आणून सतरंजीवर बसवलं. पाहुण्यांबरोबर मुलीची आजी होती. तिने बाबांना गाव विचारलं, बाबांनी सांगितलं. तिचं माहेर तिथून दोन कोसांवर निघालं. झालं! मग आठवड्याचा बाजार, बाजारातली गूळशेव, नदीला आलेला पूर, कुणाची म्हैस वाहून गेली, हेच चाललं. नवरदेव नवीन शर्ट घालून घामाघूम बसलेला. त्याला कुणी काही विचारेचना.

चहाच्या दुसऱ्या फेरीला, आपण कशाला आलोय, याची आजीला आठवण झाली. ती म्हणाली, "पण पोरगा आपल्याकडचा नाही."

बाबांनी पोराकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते. "नाही. पण भाकर आपलीच खातो ना! आणि मी रागावलो तर ऐकून घेतो."

आजी हसली. मग बाबा मुलीच्या वडिलांकडे वळले. "पोरीला विचारलं का?"

त्यांनी मान खाली घातली. विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात बारडोलीहून निरोप आला, विचारलं आणि ती हो म्हणाली. आमच्या गल्लीत वरातीपुढे नाचायला माणसं कमी पडायचा प्रश्नच नव्हता. हळदीला बायका मात्र शेजारच्या दोन गल्ल्यांतून बोलावून आणाव्या लागल्या.

त्या लग्नानंतर एकेकाने बायको आणायला सुरुवात केली. एकाच्या घरी पाळणा हलला, मग तिघांच्या घरी, मग मोजायचंच सोडून दिलं. बायका घरी स्वयंपाक करू लागल्या आणि माझी ताटं कमी झाली. मला वाईट वाटलं नाही. संध्याकाळी गल्लीतून चालताना चारी बाजूंनी फोडणीचा वास यायचा. बाबा बरीच वर्षं राहिले. गेले तेव्हा गल्लीतली सगळी पोरं रडली, आणि त्यांची मुलंही, जी बाबांशी गुजरातीत बोलायची आणि बाबा त्यांना अहिराणीत उत्तर द्यायचे.

परवा माझी नात मोठ्याने भूगोल वाचत होती. देशात कामाच्या वयाची माणसं जास्त असली की देश झपाट्याने पुढे जातो, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "त्या माणसांना मी जेवू घातलंय." तिला वाटलं, आजी थट्टा करतेय.

आता ती माणसं साठी ओलांडून बसली आहेत. कुणाचे गुडघे गेले, कुणाचे कान. त्यांची मुलं शहराबाहेर, इच्छापोरला, कामरेजला कामाला. सुनाही नोकरीला जातात. घरात एखादंच नातवंड, तेही शाळेत. दुपारी सगळी गल्ली चिडीचूप. गेल्या वर्षी तोच बुलढाण्याचा नवरदेव, आता डोक्यावर एक काळा केस नाही, माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

"वहिनी, खाणावळ परत सुरू करा. एकट्याला जेवण जात नाही."

माझी सून म्हणाली, "आई, आता आराम करा." मी म्हटलं, "आराम करूनच पाय दुखतात."

सुरू केली. फक्त दुपारची. पहिल्या दिवशी तीन आले, आठवड्यात सतरंजी पुरेना. एकाला मीठ चालत नाही, दुसऱ्याला साखर, तिसऱ्याला वांगं. मी भाकरी पातळ आणि मऊ करते. तरी मिठाची बंदी असलेला, मी पाठ फिरवली की ठेचा वाढून घेतो आणि नाक पुसत म्हणतो, "सर्दी झालीय."

मागच्या रविवारी माझ्या खांद्यात कळ आली. मी सांगितलं, आज काही होणार नाही. हे सगळे मग पदर खोचल्यासारखे लुंग्या खोचून स्वयंपाकघरात शिरले. मला खुर्चीवर बसवलं. खिचडी टाकली. डाळ आधी की तांदूळ आधी, यावर असं भांडण पेटलं की कुकरच्या शिट्ट्या कुणाला ऐकूच आल्या नाहीत. तसंही यांना ऐकू येतं कुठे! मी खुर्चीतून ओरडतेय आणि हे मला हाताने खुणा करतायत, बसा, बसा, आम्ही बघतो.

खिचडी खालून चांगलीच लागली. वरची वरची काढून सगळ्यांनी खाल्ली, आणि माझा नवरा, ज्याने जन्मात कधी चहासुद्धा केला नाही, ताट पुढे करून म्हणाला, "अजून वाढा रे. फक्कड झालीय."